अपाचे सीएक्सएफ: क्लायंट बांधताना अडलं, तर हे टूल नेमकं काय सांगतं?

सोप सर्व्हिसचा (एक्सएमएल मेसेजने बोलणारी वेब सर्व्हिस) जावा क्लायंट, म्हणजे तिला कॉल करणारा कोड, बांधायचा असेल तर मी अपाचे सीएक्सएफ ही ओपन सोर्स लायब्ररी वापरते, आणि कोणी विचारलं तर तेच सुचवते. सगळं सुरळीत असताना या प्रकारची सगळीच टूल्स सारखी वाटतात. डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल) हातात द्या, थोड्याच वेळात क्लासेसचा ढीग तयार. खरा फरक कळतो तो बिल्ड फेल झाल्यावर. माझं काम दुसऱ्यांच्या सिस्टीमशी आपली सिस्टीम जोडण्याचं आहे. समोरची डब्ल्यूएसडीएल मी लिहिलेली नसते, ती बदलायला सांगायची सोय बहुतेक वेळा नसते, आणि ती ज्यांनी लिहिली ते लोक कधीच दुसरीकडे गेलेले असतात. त्यामुळे टूल पारखताना मी सगळ्यात आधी बघते की अडल्यावर ते बोट कुठे ठेवतं. हे परीक्षण त्याच नजरेने लिहिलंय.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना पहिली ठेच सीएक्सएफपर्यंत पोचायच्या आधीच लागते. जावा ६ पासून, म्हणजे २००६ च्या अखेरीपासून, जॅक्स-डब्ल्यूएस (जावातून सोप सर्व्हिस वापरायची पद्धत) आणि जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्टमधलं रूपांतर) जेडीके या जावाच्या डेव्हलपमेंट किटबरोबरच यायचे, आणि डब्ल्यूएसडीएलपासून कोड काढणारी डब्ल्यूएसइम्पोर्ट ही कमांड आयती मिळायची. जावा ९ मध्ये ही मॉड्यूल्स ‘पुढे काढली जातील’ म्हणून नोंदवली गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ती खरोखरच गेली. जुना प्रोजेक्ट ११ किंवा त्यापुढच्या जावावर नेला की कंपायलर म्हणतो, जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट डब्ल्यूएस नावाचं पॅकेजच नाही. कंपाइल आधीच झालेलं असेल तर चालवताना ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येते. यावर जुनी उत्तरं शोधली की ‘ॲड-मॉड्यूल्स’ हा पर्याय द्या असं सापडतं. तो जावा ९ आणि १० वरच चालतो. ११ वर दिलात तर असं मॉड्यूल सापडत नाही म्हणून जावा प्रोग्राम चालवणारं जेव्हीएम सुरूच होत नाही. उपाय एकच: लागणाऱ्या लायब्ररी मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्ड टूलमधून स्वतः आणायच्या. सीएक्सएफचं मेव्हन प्लगिन कोड जनरेट करायला लागणारं सामान स्वतःबरोबर आणतं, त्यामुळे जेडीके कोणतीही असो, डब्ल्यूएसइम्पोर्टची उणीव भासत नाही.

दुसरी ठेच जास्त खोल आहे आणि माझ्या मते आज सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. डिसेंबर २०२० मध्ये जावाच्या एंटरप्राइझ स्पेसिफिकेशन्सची जकार्ता ईई ९ ही आवृत्ती आली आणि पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्तावर गेली. सीएक्सएफ ३ च्या आवृत्त्या जावाएक्स नावांचा कोड काढतात, सीएक्सएफ ४ जकार्ता नावांचा. स्प्रिंग बूट ३ हे फ्रेमवर्क सुद्धा जकार्ताच्या बाजूला आहे. प्लगिन ३ चं आणि रनटाइम (चालवताना लागणाऱ्या लायब्ररी) ४ चं असं झालं तर सरळ कंपाइल एरर येते. तेवढंच झालं तर नशीब म्हणायचं. त्रास होतो तो सगळं कंपाइल होऊन चालवताना ‘या क्लासवर एक्सएमएलरूटएलिमेंट ॲनोटेशन नाही’ असा मेसेज आल्यावर. तुम्ही सोर्स उघडता तर ॲनोटेशन समोर दिसतंय! असं का? क्लासवर जावाएक्सचं ॲनोटेशन आहे, आणि मार्शल करणारा, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा, जॅक्सबी जकार्ताचा आहे. त्याच्या लेखी ते ॲनोटेशन अस्तित्वातच नाही, म्हणून तो तक्रार करतो की ते नाही. मेसेज अक्षरशः खरा असतो आणि तरीही माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

इथे मी सगळ्यात आधी मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढते आणि जॅक्सबी एपीआय किती रूपांत आलाय ते बघते. नुसत्या आर्टिफॅक्टच्या नावावर मात्र विसंबू नका. ‘जकार्ता डॉट एक्सएमएल डॉट बाइंड एपीआय’ या आर्टिफॅक्टच्या २.३ मालिकेत आतली पॅकेजेस अजून जावाएक्सचीच आहेत, जकार्ता नावं ३.० पासून सुरू होतात. यादीत ‘जकार्ता’ दिसलं म्हणून निश्चिंत होणाऱ्याला ही गोष्ट नेमकी फसवते. सीएक्सएफसाठी मी आवृत्तीची एकच प्रॉपर्टी ठेवते आणि प्लगिन व सगळी रनटाइम मॉड्यूल्स तिच्याकडूनच आवृत्ती घेतात.

आता प्रत्यक्ष जनरेटरकडे. सीएक्सएफच्या मेव्हन प्लगिनमध्ये डब्ल्यूएसडीएलटूजावा हा ‘गोल’ (मेव्हन प्लगिनमधलं एक ठरलेलं काम) कोड तयार करतो. तो कंपाइलच्या आधीच्या टप्प्यात चालतो आणि टार्गेट फोल्डरमध्ये कोड ठेवतो. एरर आली की ती कोणत्या थरातून आली ते हे टूल बऱ्यापैकी सांगतं, आणि मला ते मनापासून आवडतं. डब्ल्यूएसडीएल वाचतानाची अडचण ‘डब्ल्यूएसडीएलएक्सेप्शन’ म्हणून येते. स्कीमापासून (डेटाची रचना सांगणारा भाग) क्लास बनवतानाची अडचण असेल तर आधी ‘थ्रोन बाय जॅक्सबी’ असं लिहून मग मूळ मेसेज येतो. एवढ्या तीन शब्दांनी अर्धा शोध संपतो, कारण जॅक्सबीच्या तक्रारीवर डब्ल्यूएसडीएलच्या पोर्ट आणि बाइंडिंगमध्ये काही सापडणार नसतं.

पहिल्या प्रकारातला माझा आवडता मेसेज सांगते. ‘डब्ल्यूएसडीएलएक्सेप्शन’, त्यापुढे ‘ॲट स्लॅश एचटीएमएल’, आणि मग ‘डेफिनिशन्स हा घटक अपेक्षित होता’. घाईत आपण शेवटचा भाग वाचतो आणि डब्ल्यूएसडीएल बिघडली आहे असं ठरवतो. उत्तर मधल्या शब्दात आहे. पार्सरला फाइलच्या मुळाशी एचटीएमएल मिळालं. म्हणजे त्या पत्त्यावर डब्ल्यूएसडीएल आलीच नाही, लॉगिनचं पान आलं किंवा मधल्या प्रॉक्सीचं एरर पान आलं. त्याच जागी ‘डिस्क्रिप्शन’ दिसलं तर समोरच्यांनी डब्ल्यूएसडीएल २.० ची फाइल दिली आहे, आणि हे टूल १.१ वाचतं. ‘प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही’ अशी तक्रार असेल तर फाइलच्या अगदी सुरुवातीला एक्सएमएलच्या आधी काहीतरी शिरलंय. बऱ्याचदा कॉपी-पेस्ट करताना आलेलं एखादं न दिसणारं कॅरेक्टर असतं.

या सगळ्यामुळे मी बिल्डमध्ये समोरच्या सर्व्हरचा पत्ता कधीच देत नाही. डब्ल्यूएसडीएल आणि तिने इम्पोर्ट केलेल्या सगळ्या एक्सएसडी (स्कीमाच्या फाइली) रिपॉझिटरीत ठेवते. ‘सगळ्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. ब्राउझरमधून सेव्ह केली की एकच फाइल मिळते. आतले इम्पोर्ट तसेच राहतात आणि मग ‘अमुक नावाचा टाइप रिझॉल्व्ह होत नाही’ अशी ‘एसआरसी-रिझॉल्व्ह’ने सुरू होणारी एरर येते. तिच्यात नावाआधी जो प्रीफिक्स असतो त्याची नेमस्पेस (नावांचा गट ओळखणारा पत्ता) शोधा. ती नेमस्पेस जाहीर करणारी एक्सएसडी एकतर नाहीच, किंवा तिच्या इम्पोर्टमध्ये स्कीमालोकेशन दिलेलं नाही. जावा ८ वर यात आणखी एक भर पडली: ‘ॲक्सेसएक्स्टर्नलस्कीमा प्रॉपर्टीमुळे फाइल वाचायला परवानगी नाही’. तो सुरक्षेसाठी घातलेला निर्बंध आहे. स्कीमा आपल्याच रिपॉझिटरीतल्या असतील तर त्या बिल्डपुरती ती प्रॉपर्टी ‘ऑल’ करणं ठीक आहे. संपूर्ण जेडीकेच्या कॉन्फिगरेशनमध्ये ते लिहून ठेवू नका, कारण त्या मशीनवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामसाठी दार उघडं होतं.

नावांच्या टकरी हा जॅक्सबीच्या थरातला नेहमीचा विषय. ‘या नावाचा क्लास आधीच वापरात आहे’ किंवा ‘ऑब्जेक्टफॅक्टरीमध्ये दोन डिक्लरेशन्सची टक्कर’ असे मेसेज आले की लोक थेट नावं कशी द्यायची ते जॅक्सबीला सांगणारी बाइंडिंग फाइल लिहायला बसतात. जरा थांबा. आधी बघा की तुम्ही सगळ्या नेमस्पेससाठी एकच पॅकेज दिलंय का. डब्ल्यूएसडीएलमध्ये दोन नेमस्पेस असतील, दोन्हींत ‘ॲड्रेस’ नावाचा टाइप असेल, आणि तुम्ही सगळं एकाच पॅकेजमध्ये कोंबायला सांगितलं असेल, तर टक्कर होणारच. डब्ल्यूएसडीएलटूजावाचा पॅकेजचा पर्याय नेमस्पेसनिहाय देता येतो, प्रत्येकीला तिचं स्वतःचं पॅकेज. बहुतेक टकरी तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी ‘ऑटोनेमरिझोल्यूशन’ आहे, पण तो मी नाइलाज असेल तेव्हाच वापरते. त्याने दिलेली नावं वाचून कोणता क्लास कुठून आला ते कळत नाही, आणि स्कीमात पुढे एक टाइप वाढला की नावं पुन्हा सरकायची भीती असते. बाइंडिंग फाइल लिहावीच लागली आणि ‘एक्सपाथचं उत्तर रिकामं आलं’ असा मेसेज मिळाला, तर एक्सपाथ (एक्सएमएलमधली जागा दाखवणारा मार्ग) तपासायच्या आधी ती बाइंडिंग योग्य स्कीमाला लागते आहे का ते तपासा. डब्ल्यूएसडीएलच्या आत लिहिलेल्या स्कीमांच्या बाबतीत हे काम किचकट होतं आणि सीएक्सएफची कागदपत्रं इथे कमी पडतात. मी सरळ ती स्कीमा वेगळ्या एक्सएसडी फाइलमध्ये काढते, स्थानिक प्रतीत इम्पोर्ट करते आणि पुढे जाते.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधून डेटासेट (टेबलांचा संच) परत करणाऱ्या जुन्या सर्व्हिस भेटतात तेव्हा ‘एस:स्कीमा हा घटक डिक्लेअर केलेला नाही’ अशी एरर ठरलेली. त्या डब्ल्यूएसडीएलमध्ये खुद्द एक्सएमएल स्कीमाच्या ‘स्कीमा’ घटकाचा संदर्भ असतो आणि जॅक्सबीला तो सापडत नाही. स्थानिक प्रतीत तो संदर्भ आणि त्याखालचा ‘एनी’ काढून त्यांच्या जागी दोन वेळा येणारा एकच ‘एनी’ घटक ठेवला की कोड तयार होतो. डेटासेट मात्र हाताने डॉममधून (एक्सएमएलच्या झाडातून) वाचावा लागतो.

एके ठिकाणी सीएक्सएफ साफ नाही म्हणतं: आरपीसी-एन्कोडेड, म्हणजे जुन्या शैलीत मेसेज लिहिणारी, डब्ल्यूएसडीएल. ‘सीएक्सएफमध्ये याला सपोर्ट नाही’ असा स्पष्ट मेसेज येतो. वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूएस-आय बेसिक प्रोफाइल या नियमावलीने ही शैली बाद केलेली आहे, त्यामुळे नकार योग्यच आहे, आणि उगाच अर्धवट कोड काढून पुढे रनटाइमला फसवण्यापेक्षा इथेच थांबवणं मला प्रामाणिक वाटतं. अशा सर्व्हिससाठी लोक २००६ च्या अ‍ॅक्सिस १.४ कडे वळतात. मी वळत नाही. दोन-तीन ऑपरेशन्ससाठी एवढी जुनी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये आणण्यापेक्षा जावा ११ च्या एचटीटीपीक्लायंटने हाताने लिहिलेला एक्सएमएल पाठवणं सांभाळायला सोपं जातं.

रनटाइमकडे वळते, कारण बिल्ड हिरवा झाला म्हणजे काम झालं असं कधीच होत नाही.

‘नो कंड्युइट इनिशिएटर वॉज फाउंड’ या मेसेजवर माझा या टूलवरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. पुढे सोप-एचटीटीपीच्या नेमस्पेसचा पत्ता येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं नेटवर्क किंवा यूआरएल चुकली. कंड्युइट म्हणजे मेसेज बाहेर नेणारी वाट. अर्थ इतकाच असतो की एचटीटीपी ट्रान्सपोर्टचं मॉड्यूल क्लासपाथवर नाही. जारचं नाव मेसेजमध्ये आलं असतं तर कितीतरी लोकांचे तास वाचले असते. हीच एरर सगळं एका जारमध्ये बांधल्यावरही येते, मॉड्यूल असूनसुद्धा. सीएक्सएफची प्रत्येक जार आपली ओळख ‘मेटा-इन्फ’मधल्या बस-एक्स्टेन्शन्सच्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. फॅट जार बनवताना एकाच नावाच्या या फाइली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि शेवटची उरते. शेड प्लगिनमध्ये त्या फाइली एकापुढे एक जोडणारा अपेंडिंग ट्रान्सफॉर्मर लावला की प्रश्न मिटतो. आयडीईत चालतंय आणि सर्व्हरवर चालत नाही, असं कोणी सांगितलं की मी आधी हेच विचारते.

याच्या अगदी उलट, मनापासून कौतुक करावं असा मेसेज: समोरून एक्सएमएलऐवजी एचटीएमएल आलं, तर सीएक्सएफ सांगतं की टेक्स्ट-एचटीएमएल अनपेक्षितपणे आलं, आणि त्या एचटीएमएलचा सुरुवातीचा तुकडाच एक्सेप्शनमध्ये दाखवतं. जॅक्स-डब्ल्यूएसचं मूळ इम्प्लिमेंटेशन (जेडीकेबरोबर यायचं ते) अशा वेळी ‘हा कंटेंट-टाइप चालत नाही, टेक्स्ट-एक्सएमएल चालतो’ एवढंच सांगून गप्प बसतं. तुकडा दिसला की ते प्रॉक्सीचं पान आहे, लोड बॅलन्सरचं आहे की लॉगिनचं, ते तिथल्या तिथे कळतं. समोरच्या टीमला पाठवायला पुरावाही मिळतो. मला सीएक्सएफ जवळचं वाटतं ते अशा जागांमुळे.

‘कुड नॉट सेंड मेसेज’ हे मात्र नुसतं वेष्टन आहे. त्यावरून काहीही ठरवू नका, स्टॅकट्रेसमधला सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ वाचा. तिथे कनेक्शन नाकारलं असं असेल तर डब्ल्यूएसडीएलमधला सर्व्हिसचा पत्ता बघा. तो अनेकदा त्यांच्या आतल्या मशीनचा किंवा चक्क लोकलहोस्टचा असतो. जॅक्स-डब्ल्यूएसच्या बाइंडिंगप्रोव्हायडर इंटरफेसमधून एंडपॉइंट ॲड्रेस आपण द्यायचा. टाइमआउट असेल तर लक्षात घ्या की सीएक्सएफमध्ये जोडणीसाठी ३० सेकंद आणि उत्तरासाठी ६० सेकंद आधीच ठरवलेले आहेत. मूळ इम्प्लिमेंटेशनमध्ये तुम्ही स्वतः मर्यादा घालेपर्यंत क्लायंट अनंतकाळ वाट बघू शकतो, म्हणून मला सीएक्सएफचं हे वागणं बरं वाटतं.

‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ ही सर्टिफिकेटची एरर सीएक्सएफची नाही, जावाची आहे. समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट ज्याने दिलं त्याच्यापर्यंतची साखळी आपल्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासातल्या सर्टिफिकेटांच्या यादीत) पूर्ण होत नाही. पुष्कळ वेळा सर्व्हर मधलं सर्टिफिकेट पाठवतच नाही, आणि तो दोष त्यांच्याकडे दुरुस्त व्हायला हवा. दुरुस्ती होईपर्यंत कीटूलने सर्टिफिकेट घालायचं असेल तर जेडीकेच्या सीएसर्ट्स फाइलमध्ये घालू नका, जेडीके बदलली की ते जातं. वेगळं ट्रस्टस्टोअर ठेवा. पण जेव्हीएमला ट्रस्टस्टोअरची प्रॉपर्टी दिली की मूळ यादी तिच्यात मिसळली जात नाही, ती पूर्णपणे बदलली जाते. एकच सर्टिफिकेट असलेलं स्टोअर दिलंत तर त्या प्रोसेसमधले बाकीचे एचटीटीपीएस कॉल पडायला लागतील. सीएक्सएफमध्ये एका क्लायंटच्या कंड्युइटपुरतंच टीएलएस सेट करता येतं, आणि योग्य जागा तीच आहे. कोणत्याही सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणारा ट्रस्टमॅनेजर ‘तात्पुरता’ म्हणून लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तो घेऊ नका. तसा कोड काढायला पुढे कोणी येत नाही आणि पासवर्डसकट सगळं वाटेतल्या कोणालाही वाचता येतं. हँडशेकच तुटत असेल आणि सर्टिफिकेटचा उल्लेखच नसेल, तर एप्रिल २०२१ च्या जावा अपडेटपासून टीएलएस १.० आणि १.१ आपोआप बंद आहेत, हे आठवा. जावाचा एसएसएल डीबग चालू केला की कोणती आवृत्ती मागितली आणि कोणती नाकारली ते दिसतं.

सीएक्सएफच्या कडकपणाबद्दल माझं मत थोडं दुभंगलेलं आहे. प्रतिसादात स्कीमात नसलेला घटक आला की ते ‘अनमार्शलिंग एरर’ देऊन थांबतं, मूळ इम्प्लिमेंटेशन तो घटक मुकाट्याने सोडून देतं. आम्ही जोडलेल्या एका सर्व्हिसने न कळवता प्रतिसादात एक नवं फील्ड वाढवलं आणि आमचा चालता क्लायंट बंद पडला. त्या फील्डची आम्हाला गरजही नव्हती. जॅक्सबीची ही तपासणी बंद करणारी प्रॉपर्टी सीएक्सएफमध्ये आहे. टेस्टमध्ये मी कडकपणा ठेवते, म्हणजे बदल लवकर कळतो, आणि प्रॉडक्शनमध्ये ढिला करते. मेसेजमध्ये ‘यूआरआय रिकामा’ असं दिसत असेल तर तो नवा घटक नसतो. घटक बरोबर आहे, पण समोरच्याने तो नेमस्पेसशिवाय पाठवलाय, म्हणजे त्यांचा सर्व्हर त्यांचीच स्कीमा पाळत नाहीये. तपासणी ढिली केलीत तर ते फील्ड नल येईल आणि कोणी ओरडणारही नाही. इथे भांडायलाच हवं.

डब्ल्यूएस-सिक्युरिटीत (सोप मेसेजच्या सुरक्षेचं मानक) ‘असर्शन बिल्डर रजिस्टर केलेला नाही’ अशी वॉर्निंग आणि पाठोपाठ ‘पॉलिसीचा एकही पर्याय पूर्ण होत नाही’ अशी एरर आली, तर पॉलिसी वाचत बसण्याआधी सीएक्सएफचं डब्ल्यूएस-सिक्युरिटी मॉड्यूल घातलंय का ते बघा. आणि मेसेज ‘मुदत संपलेला’ ठरत असेल तर दोन्ही मशीनची घड्याळं जुळवा. टाइमस्टॅम्पची मुदत मुळात ३०० सेकंद असते.

एक सवय लावून घ्याच: काहीही अडलं की लॉगिंग फीचर जोडून पाठवलेला आणि आलेला एक्सएमएल डोळ्यांनी बघा, आणि तीच विनंती सोपयूआय या टेस्टिंग टूलमधून पाठवून दोन्ही शेजारी ठेवा. तिथे चाललं आणि इथे नाही, तर फरक हेडरमध्ये, सोपच्या आवृत्तीत किंवा नेमस्पेसमध्ये सापडतो. सोप १.१ टेक्स्ट-एक्सएमएल म्हणून जातं, १.२ ॲप्लिकेशन-सोप-एक्सएमएल म्हणून, आणि ४१५ हा स्टेटस आला तर आधी तिकडे बघा. लॉगमध्ये पासवर्ड उघडे पडू नयेत म्हणून फीचरला संवेदनशील घटकांची नावं द्यायची सोय आहे, ती वापरा. इम्पोर्ट केलेली एक्सएसडी बदलली असेल तर क्लीन करून बिल्ड करा, कारण एकदा कोड काढल्यावर प्लगिन खूण ठेवतं आणि पुढच्या वेळी काम टाळू शकतं.

कोणी काय घ्यावं? जावा ८ वर अडकलेला प्रोजेक्ट असेल तर सीएक्सएफ ३.५ घ्या आणि सगळं जावाएक्समध्येच ठेवा. जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ असेल तर ४. सर्व्हिस साधी असेल, सुरक्षा पॉलिसी नसेल आणि एवढ्या जार नको असतील, तर मूळ इम्प्लिमेंटेशनचं जॅक्स-डब्ल्यूएस मेव्हन प्लगिन हलकं पडतं, टाइमआउट तेवढे स्वतः लावा. ३ वरून ४ वर जाणार असाल तर रिपॉझिटरीत चेक-इन केलेला जुना जनरेटेड कोड आधी पूर्ण काढून टाका आणि प्रत्येक बिल्डमध्ये नव्याने काढा.